दाणा आपला, कडबा बैलाचा: भरीत-भाकरीचं पोटात काय होतं

डिसेंबरात यावलकडे भावाच्या शेतात भरीत होतं. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ पेटलेला, त्यात फिकट हिरवी, हाताच्या ओंजळीत न मावणारी वांगी भाजत होती. बाजूला लाकडी भांड्यात मिरच्या आणि लसूण ठेचायचं काम सुरू होतं, वहिनी कळण्याच्या भाकरी थापत होती. पलीकडे बांधावर बैल कडबा चघळत उभा. आठ वर्षांचा भाचा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला आणि मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, “आत्या, तो नुसता कडबा खातो, तरी नांगर ओढतो. मग मी कडबा खाल्ला तर?”

मी शाळेत विज्ञान शिकवते. पचनसंस्थेचा धडा दरवर्षी शिकवते, आकृती काढते, नावं पाठ करून घेते. पण या पोराच्या एका प्रश्नात अख्खा धडा आहे. त्याला तिथे उभ्याउभ्या जे सांगता आलं नाही, ते इथे नीट लिहिते.

गंमत अशी की ज्वारीचा दाणा आणि ज्वारीचा कडबा, दोन्ही मुख्यतः एकाच मालाचे बनलेले आहेत. तो माल म्हणजे ग्लुकोज, साधी साखर. झाड हवा, पाणी आणि ऊन घेऊन ग्लुकोज बनवतं आणि त्याच्या लांबच लांब साखळ्या जोडतं. दाण्यातल्या साखळीला स्टार्च म्हणतात, आपल्या पुस्तकात पिष्ट. धाटातल्या साखळीला सेल्युलोज म्हणतात. दोन्हीत कड्या त्याच, फरक आहे तो कडीला कडी कशी जोडली यात. स्टार्चमध्ये सगळ्या कड्या एकाच बाजूला तोंड करून बसतात, सेल्युलोजमध्ये एक सुलटी, पुढची उलटी. एवढ्याशा फरकाने दाणा पचतो आणि कडबा पचत नाही.

कारण अन्नाची साखळी तोडणारे जे पदार्थ शरीर बनवतं, ते एन्झाईम, म्हणजे पाठ्यपुस्तकातली विकरं, गॅरेजमधल्या पान्यांसारखी असतात. दहा नंबरचा पाना बारा नंबरच्या नटाला बसत नाही, कितीही जोर लावा. स्टार्चचा पाना आपल्याकडे आहे. सेल्युलोजचा पाना माणसाच्या शरीरात बनतच नाही. बैलाच्याही शरीरात बनत नाही. मग त्याचं कसं निभतं, ते शेवटी सांगते.

पचन म्हणजे या पान्यांनी अन्न उकलणं. भाकरीचं ग्लुकोज, डाळीच्या प्रथिनांची अमिनो आम्लं, तेलाची मेदाम्लं. अन्नाचे इतके बारीक तुकडे व्हावे लागतात की ते आतड्याच्या भिंतीतून आरपार जातील.

आणि ही उकल तोंडात घास जाण्याआधीच सुरू झालेली असते, चुलीपाशी. कच्च्या पिठात स्टार्चचे कण घट्ट मिटलेले असतात. गरम पाणी आणि आच लागली की ते फुगतात, उलगडतात, एन्झाईमला आत शिरायला वाव मिळतो. ज्वारीचं पीठ कोमट पाण्यात मळून भाकरी तव्यावर आणि मग जाळावर टाकते ती बाई पचनाचंच काम करत असते. वांग्याचंही तसंच. कच्चं वांगं रबरासारखं कडक, कारण त्याच्या पेशी एकमेकींना चिकटवणारा पेक्टिन नावाचा डिंकासारखा पदार्थ शाबूत असतो. जाळात तो विरघळतो आणि वांगं लोण्यासारखं होतं. मग ते ठेचलं की तोंडाचं अर्धं काम झालेलं.

केळं तर आणखी पुढचं. हिरव्या केळ्यात बहुतेक स्टार्च असतो, म्हणून ते कडक आणि बेचव. पिकताना केळं स्वतःच आपला स्टार्च तोडून साखर करतं. रावेर-यावलच्या बागेतून हिरवे घड निघतात आणि दुकानात पोचेपर्यंत पिवळे, गोड होतात, तेव्हा मधल्या काळात एका परीने पचनच झालेलं असतं. आजारी माणसाला पिकलेलं केळं सोसतं ते उगाच नव्हे.

आता घास तोंडात. माझी आजी अमळनेरकडची. पोरं बकाबका जेवायला लागली की तिचं ठरलेलं, “चावीसन खाय रे, आंडोर.” म्हणजे, चावून खा रे, पोरा. ती शाळेत गेली नव्हती, पण तिचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. चावण्याने घासाचे तुकडे होतात आणि तेवढीच लाळ त्यात मुरते. दिवसाला एक ते दीड लिटर लाळ आपण गिळतो. तिच्यात अमायलेज नावाचं एन्झाईम असतं, ते स्टार्चची साखळी तोडायला घेतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. वर्गात मी ज्वारीच्या पिठाची पातळ पेज शिजवून गार करून आणते आणि दोन परीक्षानळ्यांत घालते. एका नळीत एखादा मुलगा थोडी लाळ घालतो. दोन्ही नळ्या मुठीत धरून ऊब द्यायची. पंधरा मिनिटांनी दोन्हींत आयोडीनचा एकेक थेंब टाकायचा. आयोडीन स्टार्चला भेटलं की निळं-काळं होतं. लाळ नसलेली नळी शाईसारखी काळवंडते, लाळ घातलेली तशीच तांबूस-पिवळी राहते. स्टार्च गेला, त्याची साखर झाली. मागच्या बाकावरची, एरवी खिडकीबाहेर बघणारी पोरंसुद्धा त्या क्षणी उठून पुढे येतात. आयोडीन नसेल तर भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घोळवत ठेवा, दोन-तीन मिनिटांत गोडसर लागायला लागतो.

गिळल्यावर घास सुमारे २५ सेंटिमीटरच्या अन्ननळीतून खाली जातो. तो पडत नाही, नळीचे स्नायू मागून आवळत त्याला पुढे सारतात. म्हणून आडवं पडूनही पाणी पिता येतं. श्वासनळीवर गिळताना झाकण पडतं, बोलत-हसत जेवलं की ते चुकतं आणि ठसका लागतो.

जठरात काय होतं, हे माणसाला फार काळ ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे तिथे अन्न शिजतं, कुणी म्हणे कुजतं, कुणी म्हणे जात्यासारखं दळलं जातं. त्याचा उलगडा एका अपघाताने झाला. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी त्याला वाचवलं, पण जखम भरताना जठराचं भोक बुजलंच नाही, बाहेरून थेट जठरात बघता येईल अशी खिडकी राहिली. ब्यूमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचा किंवा पावाचा तुकडा बांधून आत सोडत आणि तासातासाने ओढून किती विरघळला ते बघत. मग त्यांनी जठरातला रस बाहेर काढून बाटलीत घेतला, त्यात मांस टाकलं, बाटली अंगाइतकी ऊबदार ठेवली. मांस तिथेही विरघळलं. म्हणजे काम त्या रसाचं होतं. १८३३ मध्ये त्यांनी हे सगळं छापलं. हा माणूस चिडला की पचनात बिघाड होतो, हीही नोंद त्यांनी केली आहे. आपल्याकडे ताटावर बसल्यावर भांडू नये म्हणतात, ते मला हे वाचल्यापासून जास्त पटतं. सेंट मार्टिनबद्दल मात्र वाईट वाटतं. वर्षानुवर्षं त्याच्या पोटात दोरे सोडले गेले, आणि आपल्या पुस्तकांत त्याचं नाव क्वचितच येतं.

त्या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, लिंबाच्या रसापेक्षा तीव्र. सोबत पेप्सिन नावाचं एन्झाईम, ते प्रथिनांच्या साखळ्या तोडतं. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतो, त्या उडदाच्या प्रथिनांची तोडफोड इथे सुरू होते. मग हे आम्ल जठरालाच का खात नाही? आतून चिकट बुळबुळीत थर असतो आणि अस्तराच्या पेशी काही दिवसांतच नव्याने येत राहतात. हा थर फाटला की होतो तो अल्सर.

इथे आपल्या मिरचीची बाजू घ्यायलाच हवी. खानदेशी तिखट खातात म्हणून यांना अल्सर होतो, असं मी कित्येकदा ऐकलं आहे. ते खरं नाही. बहुतेक अल्सरांच्या मागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो, नाहीतर ऊठसूट घेतलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या. ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल यांचं म्हणणं कुणी मानेना, तेव्हा १९८४ मध्ये त्यांनी त्या जिवाणूंचं द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. मिरची जखम करत नाही, जखम असेल तर झोंबते. तिच्यातलं कॅप्सायसिन आपल्या मज्जातंतूंवरच्या ज्या खुणेला जाऊन बिलगतं, ती खूण मुळात भाजल्याची वर्दी देण्यासाठी आहे. त्यामुळे मेंदूला वाटतं भाजलं, आणि घाम फुटतो. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ठेच्यावर पाणी पिऊन आग शमत नाही, दूध-दह्याने शमते. पण पोटात महिनाभर दुखत असेल किंवा शौचाला डांबरासारखं काळं होत असेल तर मिरची बंद करून वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. अल्सरची तपासणी आहे, तो औषधाने बरा होतो.

दोन ते चार तासांत जठरातून पेजेसारखं झालेलं अन्न थोडंथोडं पुढे सोडलं जातं. तेलकट जेवण जास्त रेंगाळतं. शेवभाजी खाल्ली की संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही, ती यामुळे.

आता लहान आतडं. खरं पचन इथे होतं, म्हणून इथे जरा थांबू.

शेवभाजीचं पातेलं घासून बघा. तर्रीचा लाल तवंग नुसत्या पाण्याने जात नाही, पाणी त्याच्यावरून घसरतं. साबण लावला की तवंग फुटतो, त्याचे बारीक थेंब होतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. पोटातही तेल आणि पाण्याचं हेच भांडण असतं, आणि तिथला साबण म्हणजे पित्त. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं, पित्ताशयात ते दाटून साठतं, आणि तेलकट अन्न आलं की पित्ताशय आवळून ते सोडतं. तेलाचे थेंब झाले की स्वादुपिंडाचं लायपेज नावाचं एन्झाईम त्यांना तोडतं. स्वादुपिंड जठराचं आम्लही मारतं, सोड्यासारख्या क्षाराने, आणि उरलेल्या स्टार्चचं आणि प्रथिनांचं काम हाती घेतं. खरं सांगायचं तर पचनातला सगळ्यात मोठा कामकरी हाच, आणि त्याची आठवण लोकांना मधुमेह झाल्यावरच होते.

इथवर येऊनही घास अजून शरीराच्या ‘आत’ गेलेला नाही. हे मुलांना पटवायला मला वेळ लागतो. पोरानं रुपया गिळला तर बहुतेक वेळा तो दोन-तीन दिवसांनी जसाच्या तसा बाहेर येतो. तो शरीरातून गेला, शरीरात गेला नाही. तोंडापासून गुदद्वारापर्यंतची पोकळी बांबूच्या पोकळीसारखी आहे. वारा बांबूतून वाहतो, म्हणून बांबूच्या अंगात शिरत नाही. भाकरी आपली होते ती आतड्याची भिंत ओलांडल्यावर.

म्हणून ती भिंत एवढी मोठी आहे. लहान आतडं पाच-सहा मीटर लांब, आतून घड्या पडलेलं, घड्यांवर मखमलीसारखे उंचवटे आणि त्या उंचवट्यांच्या पेशींवर पुन्हा डोळ्याला न दिसणारे केस. सगळं उलगडून पसरलं तर अर्धं बॅडमिंटनचं मैदान व्यापेल. स्टार्चचं शेवटचं तुकडं या केसांवरच तुटतं, ग्लुकोज सुटतं आणि भिंतीतल्या दारांतून आत जातं. ग्लुकोज आणि अमिनो आम्लं रक्तातून आधी यकृतात जातात, तिथे किती साठवायचं आणि किती पुढे सोडायचं ते ठरतं. मेद वेगळ्या वाटेने, लसिकावाहिन्यांतून, म्हणजे रक्ताच्या नळ्यांहून वेगळ्या बारीक नळ्यांतून, फिरून रक्ताला मिळतो.

या दारांपैकी एका दाराची गोष्ट मला प्रत्येक आईला सांगावीशी वाटते. ते दार ग्लुकोजला एकटं आत घेत नाही. सोबत मीठ, म्हणजे सोडियम, असेल तरच दोघांना मिळून आत घेतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. कॉलऱ्यासारख्या भयंकर जुलाबात आतडं पाणी बाहेर फेकत असतं, तेव्हाही हे जोडीचं दार चालू असतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून लाखो निर्वासित आले आणि पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांत कालवून लोकांना पाजायला सुरुवात केली. छावणीत शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. आज दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी म्हणजे तेच पाणी.

आणि तरी आमच्याच घरात, मे महिन्यात, जळगावचं ऊन ४५ अंशांवर असताना, जुलाब होणाऱ्या दोन वर्षांच्या पोराला घरातल्या मोठ्यांनी पाणी बंद केलं होतं. “पाजलं की लगेच जातं, मग देऊन काय उपयोग?” असं त्यांचं म्हणणं. पोराचे डोळे खोल गेले होते, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. मी पोचले तेव्हा पुडी कालवली आणि चमच्याचमच्याने, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, पाजत दवाखान्यात नेलं. पोर वाचलं. पण त्या दुपारची आठवण आली की अजून हात थरथरतात. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. मीठ जास्त नको. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करायचं नाही.

उरलेलं मोठ्या आतड्यात जातं. दिवसभरात पचनमार्गात सुमारे नऊ लिटर पाणी येतं, त्यातलं दोनेक लिटर आपण प्यालेलं आणि बाकी शरीरानेच रसांच्या रूपाने सोडलेलं. बहुतेक लहान आतडं परत घेतं, शेवटचं दीडेक लिटर मोठं आतडं. पण त्याची खरी श्रीमंती म्हणजे तिथले जिवाणू. माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा हिशोब आहे, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या बरोबरीने, आणि त्यातले बहुतेक इथे. उडीद आणि इतर डाळींत अशा काही साखरा असतात की त्यांचा पाना आपल्याकडे नाही. त्या न पचता इथवर येतात, जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू होतो. डाळ भिजवून ते पाणी फेकलं की त्रास थोडा कमी होतो. वांग्याचे, पातीचे, भाकरीचे तंतूही इथे आंबतात आणि त्यातून जी छोटी आम्लं बनतात, त्यांवर मोठ्या आतड्याच्या पेशी जगतात.

म्हणजे थोडाफार ‘कडबा’ आपणही पचवतो, पण उधारीच्या पान्यांनी आणि अगदी शेवटच्या खोलीत. बैलाने तीच खोली दारातच बांधली आहे. त्याच्या पोटाचे चार कप्पे, पहिला एखाद्या मोठ्या रांजणाएवढा. त्यात जिवाणू सेल्युलोज फोडत बसतात. न फुटलेलं बैल पुन्हा तोंडात आणून रवंथ करतो, पुन्हा गिळतो. आणि पुढे जाऊन तो त्या जिवाणूंनाही पचवतो, त्याची बरीचशी प्रथिनं त्यांच्यातूनच येतात. या सगळ्याला पोटभर जागा आणि दिवसभराचा वेळ लागतो. माणसाने तो वेळ चुलीवर वाचवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर चांगलीच थंडी होती. मी भाच्याला घेऊन बैलापाशी गेले. रात्रीच्या जाळाची राख अजून तिथेच होती. मी म्हटलं, “काल या काड्या जळाल्या, त्यातही तेच ग्लुकोज होतं. त्याचा धूर, वाफ झाली. तुझी भाकरीही रात्रभर तुझ्या अंगात जळतेय, फक्त हळूहळू, ज्वाळेशिवाय. फुंकर मार बघू.”

त्याने फुंकर मारली. तोंडातून पांढरी वाफ निघाली. तेवढ्यात बैलानेही नाक फुरफुरलं आणि त्याचीही वाफ तशीच वर गेली. पोरगा आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला, आणि पुन्हा, आणखी जोरात, फुंकर मारली.